बर्डवुडसाहेबांची रंगमीमांसा : गालिच्यांच्या लोंकरीसंबंधानें परीक्षण

सर जॉर्ज बर्डवुड यांचा हिंदुस्थानांतील कलाकौशल्यावरील ग्रंथ १८८० सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकार मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक होते व तेथील संग्रहालयाच्या उभारणींतही त्यांचा हात होता. तेव्हां त्यांचें मत सहज बाजूस सारण्याजोगें नाहीं. गालिच्यांविषयीं त्यांच्या मुख्य तक्रारी दोन : तुरुंगांतील मागांनीं कारागिरांचा धंदा बुडविला, व विलायती मॅजेंटा रंगांनीं मालाचें रूप नासलें. येथें दुसरीचाच विचार कर्तव्य आहे.

ग्रंथांत काश्मीरची एक हकीकत आहे. हे रंग राज्यांत येतांना त्यांवर शेंकडा ४५ जकात घेत, आणि सरहद्दीच्या आंत कांहीं अंतरावर तेच जप्त करून नष्ट करीत. हा उपाय ग्रंथकारांस फार परिणामकारक वाटतो. तक्रार निराधार नव्हे. १८५६ त पर्किन यांनीं पहिला कृत्रिम रंग काढल्यावर जे रंग बाजारांत आले, त्यांपैकीं मॅजेंटासारखे पुष्कळ उन्हानें विटत.

परंतु देशी तो पक्का व विलायती तो कच्चा, असा जो ग्रह या विवेचनानें होतो, तो आम्हांस मान्य नाहीं. हळद देशीच आहे. तरी तिचा पिवळा रंग उन्हांत टिकत नाहीं. उलट मंजिष्ठेंतील मुख्य रंगद्रव्य ग्रेबे व लीबरमान यांनीं १८६८ त कृतीनें सिद्ध केलें, आणि तुरटीवर तें मंजिष्ठेप्रमाणेंच पक्कें बसतें. रंगाची छटा व टिकाऊपणा ह्या गोष्टी रंगबंधकावरही अवलंबून असतात. तीच मंजिष्ठ तुरटी दिलेल्या सुतावर लाल उठते, तर हिराकशीवर काळसर जांभळी. निळीस मात्र रंगबंधक लागत नाहीं. पिंपांतून काढलेलें सूत हवा लागतांच निळें होतें.

जुन्या गालिच्यांत काळी-तपकिरी लोंकर तेवढी झडलेली व शेजारची लाल-निळी शाबूत, असें पुष्कळदां दिसतें. तो वापराचा दोष नव्हे. लोह व तुरट द्रव्य यांच्या संयोगानें लोंकर कुजते. पोथ्यांच्या संग्राहकांस हें नवें वाटूं नये. लोहयुक्त शाई कागद खाते तें याच जातीच्या द्रव्यांमुळें, काजळीची शाई खात नाहीं. म्हणजे ही हानि अस्सल देशी रंगाचीच.

काळनिर्णयांतही हाच विवेक हवा. मूळ विणींत, मागाहून केलेल्या रफूंत नव्हे, कृत्रिम रंग सिद्ध झाला, तर गालिचा १८५६ पूर्वींचा नव्हे एवढें निश्चित. देशी रंग सांपडल्यानें मात्र प्राचीनत्व सिद्ध होत नाहीं, कारण ते पुढेंही वापरांत राहिले. शिवाय कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारांत आहे, आणि ती नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं.

सारांश, बर्डवुडसाहेबांचा ग्रंथ १८८० च्या स्थितीची साक्ष म्हणून मोलाचा आहे. गालिचा पारखण्याची कसोटी म्हणून नव्हे. संग्राहकांनीं 'देशी रंग' एवढ्याच शब्दांवर गालिच्याचें वय किंवा मोल ठरवूं नये, असें आमचें मत आहे.