कूपरची 'द कास्टअवे'

विल्यम कूपर या इंग्रज कवीचे जीवन एका दारुण विसंगतीने व्यापलेले आहे. जॉन न्यूटनबरोबर १७७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑल्नी हिम्स'मधील त्याची स्तोत्रे गाऊन असंख्य ख्रिस्ती जनांना ईश्वरी दयेचा दिलासा लाभला. स्तोत्रकर्ता मात्र १७७३ मधील एका स्वप्नापासून, देवाने आपणांस टाकले आहे याच समजुतीने ग्रासला गेला, आणि त्याच स्थितीत १८०० साली वारला.

याला श्रद्धेचा ऱ्हास म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दया अपार आहे याविषयी कूपर निःशंक होता. आपण तेवढे तिच्यातून वगळले गेलो, असे त्यास वाटे. हे दुःख नास्तिकाच्या वाट्यास येत नाही. (लॉर्डांच्या सभागृहातील कारकुनीसाठी द्यावयाच्या परीक्षेच्या धास्तीने १७६३ साली त्याचे मन पार कोलमडले होते, हे आपणां नोकरदारांस सहज समजावे!)

१७९९ मधील 'द कास्टअवे'चे कथानक अ‍ॅन्सनच्या सागरप्रवासाच्या वृत्तांतातून घेतलेले आहे. वादळात एक खलाशी समुद्रात पडतो. सोबती पिंप, खुराडे, दोर, हाती येईल ते फेकतात. पण वारा जहाजास पुढे रेटीत नेतो. बुडणारा कळवळतो, तरी त्यांना दोष देत नाही. अखेरच्या कडव्यात कवी सांगतो की, वादळ शमविणारी दैवी वाणी उमटली नाही. येथे मार्कच्या शुभवर्तमानातील, लाटांना दटावणारा येशू आठवल्यावाचून राहत नाही. आपले संत अशा वेळी देवाशी भांडले असते. कूपरला भांडण्याचाही हक्क उरलेला वाटत नाही.

एलिझाबेथ बॅरेट हिने १८३८ साली कूपरच्या थडग्यावर कविता लिहून उत्तर दिले: वधस्तंभावर स्वतः ख्रिस्तानेही 'मला का सोडलेस' असा टाहो फोडला होता, तेव्हा टाकलेल्याच्या जागी तो आधीच जाऊन आला आहे. उत्तर थोर आहे. परंतु ते कूपरच्या कवितेत शोधू नये. तिच्यात दया दिसते ती माणसांचीच. फेकलेल्या दोरात ती आहे. आणि ज्या पानावर त्या खलाशाची हकीकत नोंदली गेली ते पान अ‍ॅन्सनच्या आसवांनी ओले आहे, असे कवी म्हणतो, त्यातही.