घोडा पळतोय, पण कशामुळे?

सात पांढरे घोडे उधळलेत आणि मागे लालभडक आभाळ आहे. हे चित्र तुम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा मोबाइलच्या वॉलपेपरवर पाहिलंच असणार. इंटरनेटवरचे रानटी घोड्यांचे फोटोही बहुतेक याच जातकुळीतले असतात. उडणारी आयाळ, उठलेली धूळ आणि खाली कॅप्शन, 'फ्रीडम'. हे फोटो पाहताना मला एकच प्रश्न पडतो. घोडा पळतोय खरा, पण कशामुळे?

शिंगरं खेळताना उधळतात, नर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. ते सोडलं तर मोकळा घोडा दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ मान खाली घालून चरत असतो. अख्खा कळप एकाच दिशेने सुटतो तेव्हा बहुतेकदा त्याच्या मागे भीती असते. म्हणजे आपण ज्याला स्वातंत्र्य म्हणून लाइक करतो, ती कित्येकदा घबराट असते.

अमेरिकेत मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवर प्रायर पर्वत आहे. १९६८ साली तिथे रानटी घोड्यांसाठी जागा राखली गेली. आज ती सुमारे ३८,००० एकर आहे. खाली जवळपास वाळवंटी रान, वर हिरवी कुरणं. वसंतात बर्फ वितळत जाईल तसे घोडे वर सरकतात आणि याच दिवसांत शिंगरं जन्मतात. पण वसंतातला घोडा वॉलपेपरवर येत नाही. हिवाळ्याने तो झिजलेला असतो, बरगड्या दिसतात, जुने केस पुंजक्यांनी गळत असतात. त्याच्यापासून किमान १०० फूट लांब राहायचं असतं, म्हणून टेलिफोटो लेन्स लागते. ती पार्श्वभूमी धूसर करते आणि घोडा उठून दिसतो. फोटो देखणा होतो, पण त्यातून डोंगरच पुसला जातो.

याच डोंगरावर जिंजर कॅथरेन्स यांनी २९ मे १९९५ रोजी एक नुकतं जन्मलेलं फिकट रंगाचं शिंगरू चित्रित केलं. त्याचं नाव त्यांनी 'क्लाउड' ठेवलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवला. 'क्लाउड : वाइल्ड स्टॅलियन ऑफ द रॉकीज' ही त्यांची फिल्म २००१ साली पीबीएसच्या 'नेचर' मालिकेत आली. तिची खरी ताकद मला नरांच्या लढायांत दिसत नाही, ती चिकाटीत दिसते. तेच घोडे ऋतूमागून ऋतू पाहिले की कोण कुणाची आई, कोण कुणाला जवळ येऊ देत नाही, हे उमगू लागतं. कळप म्हणजे गर्दी नव्हे, कुटुंबं आहेत, हे समजायला एक फोटो पुरत नाही.

फिल्म मला कमी पडते ती क्लाउडला नायक करताना. नायक ठरला की बाकीचे आपोआप सहकलाकार होतात. २००९ च्या सप्टेंबरात सरकारी यंत्रणेने प्रायरमधले घोडे हेलिकॉप्टरने हाकून गोळा केले. क्लाउडही सापडला आणि नंतर सुटला. पन्नासहून अधिक घोडे मात्र डोंगरावरून कायमचे हलवले गेले. प्रसिद्धीमुळेच क्लाउड सुटला, असं माझं म्हणणं नाही. पण जगभरच्या प्रेक्षकांना काळजी वाटली ती मुख्यतः त्याची, आणि ते कॅमेऱ्यानेच ठरवलं होतं.

याच्या अगदी उलट टोकाला गस बंडी यांची नेवाडातली, १९५१ च्या सुमाराची छायाचित्रं आहेत. त्यांतही घोडे जिवाच्या आकांताने पळताहेत, धूळ उठली आहे. फरक एवढाच की त्यांत ट्रक आणि दोरही दिसतात. फास पडलेल्या घोड्याला जड टायर बांधलाय, तो ओढून ओढून घोड्याने थकावं म्हणून. असे पकडलेले घोडे कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी विकले जात. वेल्मा जॉन्स्टन यांच्या मोहिमेत ही छायाचित्रं वापरली गेली. १९५९ साली सार्वजनिक जमिनींवर रानटी घोड्यांची मोटारी आणि विमानांनी शिकार करण्यावर कायद्याने बंदी आली, १९७१ साली त्यांना संरक्षण मिळालं. १९७६ साली मात्र सरकारला स्वतःसाठी हेलिकॉप्टर वापरायची मुभा मिळाली.

माझ्या मते बंडींचे फोटो वॉलपेपरपेक्षा सरस आहेत, आणि ते केवळ क्रूरता दाखवतात म्हणून नव्हे. घोडा का पळतोय, याचं उत्तर त्यांनी फ्रेमबाहेर ठेवलेलं नाही. वॉलपेपरमधून नेमकं तेच कापलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी स्लो मोशनमधला उधळलेला कळप स्क्रीनवर आला, तर घोड्यांचे कान कुठे वळलेत ते बघा. मग व्हिडिओ म्यूट न करता ऐका. मात्र त्यावर संगीत चढवलेलं असेल, तर हेलिकॉप्टरचा आवाज होता की नव्हता, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.