सहलवर्णनाची मराठी : सिंहगडाच्या निमित्ताने

स्थळाचे वर्णन करणे हा मराठी गद्याचा फार जुना व्यवसाय आहे. चक्रधरस्वामींचा जेथे जेथे वास वा संचार झाला त्या जागांची नोंद ठेवणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही चौदाव्या शतकातील. वि. भि. कोलते यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. प्राचीन स्थलनामांचे साधन म्हणून तिचे मोल सर्वमान्य आहे. परंतु गद्याचा एक नमुना म्हणूनही ती तितकीच लक्षणीय आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, स्वामींची बसण्याची जागा दारापासून कोणत्या बाजूस, एवढेच ती सांगते. भक्ती प्रत्येक वाक्याच्या मागे उभी आहे. वाक्यात मात्र तिला प्रवेश नाही. पुढे येणाऱ्या माणसाला ती जागा बिनचूक सापडावी, हा या लेखनाचा हेतू, आणि त्या हेतूनेच त्याची भाषा घडविली आहे.

या पोथीशेजारी आजची सहल-पुस्तिका ठेवून पाहिली म्हणजे मराठी स्थलवर्णनाने कोणता रस्ता सोडला हे ध्यानात येते. पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडीसारख्या उपनगरातून सुटीच्या दिवशी एखादे कुटुंब सिंहगडास निघते, तेव्हा त्याच्याबरोबर एक ठरावीक मराठीही निघते. घडीपत्रिका, वाटेवरील फलक, वाटाड्याचे पाठ केलेले निरूपण आणि शाळेच्या सहलीत गुरुजींनी सांगितलेली गोष्ट, या साऱ्यांची भाषा एकच. वाङ्मयसमीक्षेने या लेखनाची दखल घेऊ नये असा एक अलिखित संकेत दिसतो. तो योग्य नव्हे. शाळेचे पुस्तक मिटल्यानंतर असंख्य वाचकांच्या दृष्टीस पडणारे इतिहासविषयक गद्य म्हणजे हेच.

या गद्याचा मुख्य दोष असा की, ते स्थळ दाखवीत नाही. स्थळाच्या नावावरून गोष्ट सांगते आणि ती गोष्ट स्थळाच्या जागी बसविते. सिंहगड हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडला, त्याच्या स्मरणार्थ कोंढाण्याचे नाव सिंहगड ठेवण्यात आले, हे वाक्य पुस्तिकांतून इतक्या निःशंकपणे येते की त्याला पुरावा मागणे हाच अपराध वाटावा. वस्तुतः शिवाजीमहाराजांच्या १६६३ मधील पत्रात सिंहगड हे नाव आलेले आहे. म्हणजे तानाजीच्या मृत्यूपूर्वी सात वर्षे गड सिंहगडच होता. ज्या उद्गारावर ही कथा उभी आहे त्याचीही तीच गत. राजारामाच्या कारकीर्दीत जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत राजाच्या तोंडी शोकाचे वाक्य आहे; पण तेथे मिळालेल्या गडासमोर गमावलेला गडच ठेवलेला आहे. तानाजी हाच एक गड. त्या वाक्यात सिंह नाही. आज सर्वतोमुखी असलेले रूप दृढ करण्यात हरि नारायण आपटे यांच्या १९०३ च्या कादंबरीच्या नावाचा वाटा मोठा आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ या रूपातील विरोध चटकदार आहे, हे मान्यच करावे लागेल. तथापि माणसाला गडाची किंमत देणारा बखरीतील साधा तोल त्याहून खोल आहे.

नाव आधी आणि त्यातून प्रसंग, हा लोकव्युत्पत्तीचा नेहमीचा क्रम होय. जुन्या नावाविषयीही तेच झाले आहे. कोंढाणा हे नाव कौंडिण्य ऋषीवरून आले, असे सांगण्यात येते. हे नाव निदान चौदाव्या शतकापासून चालत आलेले आहे. मुहम्मद तुघलकाने नागनायकाविरुद्ध या गडाला घातलेल्या वेढ्याच्या प्रसंगी इसामीच्या फार्सी काव्यात ते येते. कौंडिण्यातील ‘ड’चा ‘ढ’ का व्हावा, याचे उत्तर ऋषीची कथा देत नाही. शिवाय गडाच्या पायथ्याच्या बाजूस कोंढणपूर आहे, कर्जतच्या बाजूस कोंढाण्याची लेणी आहेत आणि बिबवेवाडीच्या तर अगदी शेजारी कोंढवा आहे. या सर्व नावांचे मूळ एकच असेल असे नव्हे. परंतु एकाच नावासाठी ऋषी बोलावण्यापूर्वी बाकीच्यांची विचारपूस व्हावयास हवी. ज्यांना ऋषी मिळाला नाही अशी नावे पुस्तिकेच्या दृष्टीने मुकीच असतात. बिबवेवाडी हे नाव बिबव्याच्या झाडावरून थेट आले की बिबवे या आडनावाच्या वाटेने, हे केवळ रूपावरून ठरणार नाही. पण धोब्यांच्या खुणेची न धुपणारी शाई देणारे ते झाड या नावात टिकून आहे, आणि चिंचवड, आंबेगाव, हिंगणे या नावांच्या पंगतीत ते शोभते. यात कथा नाही, म्हणून ते कोणत्याही ‘दर्शना’त येत नाही.

आख्यायिका सांगूच नये असा याचा अर्थ नाही. तानाजीवर शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचला. पोवाड्यांत आणि लोककथांत कडा चढणारी घोरपड येते, आणि तेथे ती आपल्या घरीच असते. प्रश्न व्याकरणाचा आहे. मराठी बोलीत ऐकीव गोष्ट सांगण्यासाठी ‘म्हणे’ हे एक अत्यंत सोयीचे अव्यय आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे हे गोठलेले रूप वाक्याच्या शेवटी ठेवले की सांगणारा आपली जबाबदारी नेमकी तेवढीच ठेवतो. ‘घोरपडीला दोर बांधून वर गेले म्हणे’ असे म्हणणारी गडावरची दहीवाली ‘येथे टाके आहे’ या वाक्यात ‘म्हणे’ घालीत नाही. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद तिच्या व्याकरणात शाबूत आहे. छापील मराठीत तो पुसला जातो. ‘म्हणे’ ग्राम्य ठरून गळते. त्याच्या जागी एखादे ‘अशी आख्यायिका आहे’ परिच्छेदाच्या प्रारंभी येते आणि दुसऱ्या वाक्यापासून विसरले जाते. ‘असावे’, ‘बांधले असेल’ ही अनुमानाची रूपेही फलकांवर आढळत नाहीत. तेथे फक्त ‘आहे’ आणि ‘होता’. ज्या भाषेत शंकेला प्रत्यय आहेत, तिने शंका सोडून द्यावी, हे शैलीचेच नव्हे तर ज्ञानाचेही नुकसान आहे.

शब्दसंग्रहाची स्थिती याहून वाईट. सोंड, धार, नाळ, खिंड, घळ, माची, मेट, टाके, कातळ, चोरवाट: सह्याद्रीत वावरणाऱ्यांनी घडविलेला हा शब्दांचा साठा जमिनीच्या प्रत्येक वळणाला नाव देतो. सहल-पुस्तिकेने त्या साऱ्यांवर ‘निसर्गरम्य परिसर’ हा एकच पडदा ओढला आहे. ‘पॉइंट’ या शब्दाविरुद्ध भाषाशुद्धीच्या दृष्टीने ओरड करण्याचे कारण नाही. परकी शब्द येतात, रुळतात. परंतु त्याचा अर्थव्यापार लक्षात घ्यावा. ‘कडा’ हे जमिनीचे नाव आहे. ‘पॉइंट’ हे पाहणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेचे नाव आहे. महाबळेश्वरी इंग्रज साहेबाने आपल्या उभे राहण्याच्या जागांना आपल्याच लोकांची नावे दिली, हे समजण्यासारखे आहे. त्या पद्धतीचे अनुकरण मावळात व्हावे आणि मूळच्या कड्याचे नाव त्याच्या पायथ्याच्या वाडीपुरते उरावे, हे मात्र विचार करावयास लावणारे आहे. क्रियापदही बदलले आहे. काशी केली, अष्टविनायक केले, या यात्रेच्या वळणावर आता ‘सिंहगड केला’ असे म्हणतात. पाहण्याचे काम करण्यात विरून जाते.

आधुनिक मराठीत या प्रवाहाबाहेरचे लेखन झालेच नाही असे नाही. ग. ह. खरे यांचे ‘स्वराज्यातील तीन दुर्ग’ हे पुस्तक पुरंदर, राजगड आणि सिंहगड यांचे वर्णन कागदपत्रांच्या आणि प्रत्यक्ष अवलोकनाच्या आधारे करते. त्याची भाषा कोरडी आहे. पण तो कोरडेपणा ‘स्थानपोथी’च्या कुळातला आहे. गो. नी. दांडेकरांची दुर्गविषयक पुस्तके अगदी निराळ्या प्रकृतीची. तेथे भावनेला पूर आहे, आणि कधी कधी तो वाचकाला बुडवितो. तरीही दांडेकरांनी गड पायांनी जाणला होता. उमाळ्याच्या भरातही वाट कोठून वळते आणि पाणी कोठे मिळते, हे त्यांच्या हातून सुटत नाही. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी उमाळा घेतला आणि वाट टाकून दिली. आजच्या सहल-पुस्तिकेची वाक्ये बव्हंशी या दुसऱ्या मंडळींची आहेत.

या भाषेमुळे काय डोळ्याआड राहते, याचा एक दाखला सिंहगडावरच आहे. पायथ्याच्या कल्याण गावाकडे उघडणाऱ्या कल्याण दरवाजावर एक शिलालेख आहे. त्यात शके १६७२ हे वर्ष आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या कारकीर्दीचा निर्देश आहे. म्हणजे इसवी सन १७५० च्या सुमाराचे हे काम. अक्षरे देवनागरी, भाषा कळण्यासारखी. तानाजीची कथा ऐकत माणसे त्याच्याखालून जातात, आणि दरवाजा शिवकालीन समजून परत येतात. पर्वतीचे देवालय १७४९ चे, त्याच नानासाहेब पेशव्यांचे. कात्रजचा तलाव आणि तेथून शहरात पाणी आणणारे भुयारी नळ हे कामही त्याच कारकीर्दीतील; नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी उभारलेल्या बांधीव मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ असे अर्थपूर्ण नाव आहे. बिबवेवाडीहून कात्रज-कोंढणपूरमार्गे गडास जाणारा मनुष्य घराबाहेर पडताच एका बाजूस पर्वतीची टेकडी पाहतो, अर्ध्या तासात कात्रजच्या तलावाशेजारून जातो आणि चढणीच्या अखेरीस कल्याण दरवाजात पोहोचतो. देऊळ, पाणी आणि तटबंदी अशी एकाच राजवटीची तीन कामे एका रस्त्यावर ओळीने उभी आहेत. कोणत्या दिशेस काय, दार कोणीकडे, लेख दाराच्या कोणत्या अंगास, एवढे सांगणारी चार वाक्ये त्यासाठी पुरेशी होती. ती लिहिण्याची रीत मराठीत सहाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे.