ऑगस्टीनचा मातृशोक

शोक हा श्रद्धेच्या उणेपणाचा पुरावा मानावा काय, हा ख्रिस्ती चिंतनातील एक जुना प्रश्न आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने, आशा नसलेल्यांप्रमाणे खेद करू नये, असे बजावले आहे. मात्र हा निषेध शोकाचा की त्यातील आशाहीनतेचा, हे ठरविणे वाचकाकडे राहते. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाचा नववा भाग या प्रश्नाचे उत्तर अनुभवाच्या अंगाने शोधतो.

इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे, वयाच्या ५६व्या वर्षी, मोनिका निवर्तली. पुत्राने तिचे डोळे मिटले आणि स्वतःचे अश्रू बळेच आवरले. नातू अदेओदातुस याने हंबरडा फोडताच त्याला गप्प करण्यात आले. एव्होडियसने स्तोत्रसंहिता हाती घेऊन गायन आरंभिले. जिचा मृत्यू दुर्दैवी नव्हे, तिच्यासाठी विलाप करणे अनुचित, ही त्यामागील भूमिका होय. सिद्धान्त निर्दोष आहे. परंतु तो ऑगस्टीनला पुरत नाही, आणि ही गोष्ट तो लपवीत नाही. आपणांस शोक व्हावा याचाच त्याला शोक होतो. थडग्यापाशी प्रार्थना होतात, तरी डोळे कोरडेच. स्नानाने मनाची व्यथा जाते असे ऐकून तो स्नानही करून पाहतो. त्याचाही उपयोग होत नाही. एवढ्या थोर तत्त्वचिंतकाने हा क्षुल्लक तपशील गाळला नाही, यावरून त्याच्या निवेदनाची सचोटी प्रत्ययास येते.

बांध फुटतो तो निद्रेनंतर. प्रथम आंब्रोजचे सायंस्तोत्र आठवते, मग हळूहळू आई आठवते. आणि एकान्तात, ईश्वरासमोर, तो रडतो. सांत्वन येते ते अश्रू आवरल्याने नव्हे, तर ते वाहू दिल्याने.

तथापि अश्रूंनाच येथे सांत्वनाचे कारण मानणे चुकीचे ठरेल. चौथ्या भागात तागास्ते येथील तरुण मित्राच्या मृत्यूनंतर ऑगस्टीन याहून कितीतरी अधिक रडला होता. रुदनाखेरीज त्याला काहीच गोड लागत नव्हते. परंतु त्या वेळी त्याने कल्पिलेला ईश्वर हा निव्वळ आभास होता. मनाचा भार ठेवावा असे स्थानच नव्हते. तो कार्थेजला निघून गेला; काळाने आणि नव्या मित्रांनी दुःख बोथट केले, एवढेच. दोन्ही प्रसंगांतील अश्रू सारखेच खरे आहेत. भेद आहे तो ते कोणासमोर ढाळले याचा.

आईसाठी घटकाभर रडणे हे कोणास पाप वाटल्यास त्याने हसू नये, असे ऑगस्टीन विनवितो. या विनवणीत पापाची कबुली शोधणाऱ्यांनी तिचे सशर्त रूप ध्यानी घ्यावयास हवे. आसक्तीचा दोष तो स्वतःवर येऊ देतो खरा, पण ते अश्रू परत घेत नाही. पतीशेजारी पुरले जावे ही जुनी इच्छा मोनिकेने अखेरीस सोडली होती. वेदीपाशी आपले स्मरण व्हावे, एवढेच तिचे मागणे होते. नवव्या भागाच्या शेवटी ऑगस्टीन तेच मागणे, पिता पात्रिकियस याचे नाव तिच्या नावाला जोडून, आपल्या वाचकांपुढे ठेवतो.