लेमिंग-अहवाल : निवेदन आणि शिफारस

इंग्लंडमधील बालसंरक्षणाचे धोरण संसदेइतकेच चौकशी-समित्यांपुढे घडले. माँक्टन यांची १९४५ ची चौकशी आणि १९४६ चा कर्टिस-अहवाल यांच्यामागून १९४८ चा बालक-कायदा आला. या परंपरेत लॉर्ड लेमिंग यांचा जानेवारी २००३ चा अहवाल विशेष परिणामकारक ठरला. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने मृत्यू पावलेल्या आठ वर्षांच्या मुलीची ही चौकशी.

अहवालाचे खरे सामर्थ्य त्याच्या निवेदनात आहे. १९८९ च्या कायद्याचे कलम १७ ‘गरजू बालका’चे, तर कलम ४७ इजेची शंका असलेल्या बालकाचे. जुलै १९९९ मध्ये इस्पितळातील वरिष्ठ डॉक्टरांनी मुलीच्या अंगावरील खुणा खरजेच्या ठरविल्या आणि प्रकरण दुसऱ्या सदरातून पहिल्यात गेले. निदान रोगाचे होते. कचेरीने ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणून वाचले. वर्णनासाठी योजिलेली संज्ञा निर्णयाची जागा कशी घेते, याचे इतके सूक्ष्म विवेचन शासकीय लेखनात क्वचितच आढळते.

शिफारशींत मात्र हीच दृष्टी मंदावते. आयव्हरी कोस्टहून फ्रान्समार्गे आलेली ही मुलगी फ्रेंच बोलणारी. तिच्याशी तिच्या भाषेत नीट बोलणे फारसे झालेच नाही. म्हणून अहवाल सांगतो की, प्रथमभाषा इंग्रजी नसलेल्या बालकासाठी दुभाषा घेतलाच पाहिजे. न घेतल्यास कारण नोंदले पाहिजे. दुसऱ्या वाक्यांशाने पहिल्याची धार जाते. मूल न बोलताही दप्तर पूर्ण होऊ शकते! १०८ शिफारशींपैकी अनेकींत ‘खात्री करून घेतली पाहिजे’ हे क्रियापद येते आणि कर्ता बहुधा संचालक किंवा खाते असतो. मुलाचे ऐकणारा माणूस त्या वाक्यांत दिसत नाही.

२००४ च्या कायद्याने संचालक आणि स्थानिक मंडळे निर्माण केली. मुलांची राष्ट्रीय माहितीसूची उभारली गेली, ती २०१० मध्ये बंदही झाली. २०११ मध्ये आयलीन मन्रो यांनी नियमांच्या व संगणकीय नोंदींच्या ओझ्याखाली समाजकार्यकर्त्यांचा विवेक दबल्याचे दाखविले. याचा सर्व दोष लेमिंग यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; आधीच्या चौकशांनीही नियमांत भरच घातली होती. तरीही एक भेद लक्षणीय आहे. लेमिंग यांनी आपल्या शिफारशी तीन महिने, सहा महिने, दोन वर्षे अशा मुदतींत बांधल्या होत्या. मन्रो यांच्या १५ शिफारशींत मूल्यमापनाच्या ठरीव मुदतीच काढून टाकण्याची सूचना आहे.