भीतीचा ओव्हरटाइम

दमून आलेल्या माणसाने काय करावं, याविषयी जगात दोन मतं आहेत. डॉक्टरांचं मत, त्याने फिरायला जावं. आमच्या सौ.चं मत, जातोच आहे तर येताना कोथिंबीर आणावी. मी तिसऱ्या मताचा आहे. मी ऑफिसातून येतो, पाय धुतो, चहा घेतो आणि खोलीतला दिवा मालवून तासभर भीत बसतो.

या भीत बसण्याच्या खेळाचं नाव ‘लीथल कंपनी’, म्हणजे जीवघेणी कंपनी. कॉम्प्युटरवर खेळायचा. किंमत दहा डॉलरला एक सेंट कमी. बाटाच्या चपलांची असायची तशी. झीकर्स या नावाने वावरणाऱ्या एकट्या माणसाने तो बनवला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा व्हायच्या आतच विकायला काढला. अर्धवट वस्तू विकण्यात नवल नाही, आमचा फ्लॅटही आम्ही तसाच घेतला. पण इथे गिऱ्हाईक खूश झालं, हे नवल.

कथानक असं. तुम्ही कंपनीचे नोकर. ओसाड चंद्रांवर उतरायचं, तिथल्या बंद पडलेल्या कारखान्यांत शिरायचं आणि भंगार गोळा करायचं. बोल्ट, पत्रे, किटली, रबरी बदक, काय मिळेल ते. आतल्या राक्षसांनी खाल्लं तर तो तुमचा प्रश्न. पहिला कोटा १३० चा, मुदत तीन दिवस. सकाळी आठला कामावर, रात्री बाराला जहाज सुटणार, मग तुम्ही आत असा वा नसा. कोटा पुरा केला तर बक्षीस काय? आणखी मोठा कोटा. नाही केला, तर कंपनी तुम्हाला जहाजातून अंतराळात सोडून देते.

मी एका बँकेच्या वसुली खात्यात आहे. मला या खेळातलं काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

मालाला पूर्ण भाव मुदतीच्या शेवटच्या दिवशीच मिळतो. आधी गेलात तर पडेल भाव. थोडक्यात, मार्चअखेर तिथेही आहे. विक्रीच्या जागी एक भिंत, भिंतीत खिडकी, पुढे काउंटर, त्यावर घंटी. माल ठेवून घंटी वाजवली की आतलं काहीतरी तो ओढून घेतं. कोण, ते दिसत नाही. घंटी फार वाजवली तर ते चिडतं आणि माणसालाच आत नेतं. उभा जन्म खिडक्यांपुढे काढलेल्या माणसाला यात अतिशयोक्ती वाटत नाही. रोज शेवटी कंपनी गोपनीय अहवाल देते, तोही सगळ्यांदेखत. पहिल्याच दिवशी माझ्या नावापुढे ‘सर्वांत संशयी कर्मचारी’ असा शेरा पडला. कारण मी सारखा मागे वळून पाहत होतो. एवढा अचूक शेरा मला नोकरीत कधी मिळाला नाही.

चित्रं म्हणाल तर ओबडधोबड. माणसं ठोकळ्यासारखी, भिंती खरबरीत. पण स्वस्त मालाचं एक शहाणपण असतं. दाखवायला पैसे नसले की झाकावं लागतं, आणि भीती नेहमी झाकलेल्या गोष्टीचीच वाटते. महागड्या खेळांतला राक्षस दातांच्या डॉक्टरांकडे बसल्यासारखा आ वासून उभा असतो. पाच मिनिटांनी आपण त्याच्या दाढा मोजू लागतो. इथे पंधरा रुपड्यांची टॉर्च, तिचा तेवढाच उजेड, आणि बाकी सगळं ऐकू येणं.

खरी करामत त्या ऐकू येण्यात आहे. हा खेळ चौघांपर्यंत मिळून खेळतात. मी मुलाबरोबर खेळतो. तो बंगलोरला असतो आणि हा खेळ त्यानेच मला घेऊन दिला. आमचं फोनवरचं संभाषण ठरलेलं. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘पाऊस?’ ‘आहे.’ ‘आईला देतो.’ खेळात मात्र त्याचा आवाज तो असेल तिथून येतो. शेजारी असला तर स्वच्छ, बोळातून पुढे गेला की बारीक बारीक होत जातो. आणि मेला, की मधेच तुटतो. किंकाळी नाही, संगीत नाही. ‘बाबा, इथे एक घंटा साप...’ आणि शांत.

तो बंगलोरला खुर्चीत धडधाकट बसला आहे, हे मला ठाऊक होतं. तरी मी फोन लावला.

‘अहो बाबा, मी मेलोय! फोन काय करताय? माझं प्रेत जहाजात आणा, दंड कमी बसेल!’

बाहेर आंधळे कुत्रे असतात. त्यांना दिसत नाही, पण आपण माइकमध्ये बोललेलं ऐकू येतं. एकदा आम्ही दोघं श्वास रोखून त्यांच्या शेजारून चाललो होतो. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिटी झाली. त्या रात्री वरणभाताने बापलेकांचा बळी घेतला.

दोष आहेत. दैवावर फार हवाला. कधीकधी दार उघडताच मरण. वीसेक रात्रींनंतर बोळ ओळखीचे वाटू लागतात. आणि एकट्याने खेळावा असा हा खेळ नव्हे. भीती वाटते आणि सांगायला कोणी नाही, हा अनुभव ऑफिसात फुकट मिळतो.

परवा एक स्प्रिंगच्या मानेचा पुतळा भेटला. त्याच्याकडे बघत असेपर्यंत तो जागचा हलत नाही. नजर काढली की धावून येतो. मुलाच्या दोन्ही हातांत जड इंजिन. मी म्हटलं, ‘तू जा, मी बघत उभा राहतो.’ त्याच्या दहावीला मी हेच काम केलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा नजर काढली की मुलगा जागचा हलायचा.

तो गेला नाही. मी म्हणालो, ‘जा रे, मला भीती वाटतेय.’ हे वाक्य मी त्याच्यासमोर जन्मात प्रथमच उच्चारलं.

‘मलाही वाटते,’ तो म्हणाला आणि गप्प झाला. म्हटलं, मेला की काय! पण आवाज पुन्हा आला, अगदी शेजारून. ‘बाबा, आमच्याकडे याद्या निघताहेत. पुढच्या महिन्यात कळेल.’

फोनवर हे त्याने सांगितलं नसतं. फोनवर आपण पाऊस विचारतो.

मी काय बोललो ते फारसं आठवत नाही. शहाणपणाचं नक्कीच नव्हतं. पुतळ्यावरची नजर मात्र काढली नाही. तो सगळं बोलला, मग इंजिन घेऊन सावकाश बाहेर गेला. पावलं बारीक होत गेली, पण तुटली नाहीत.

रात्री कंपनीचा अहवाल आला. माझ्या नावापुढे शेरा होता, ‘सर्वांत आळशी कर्मचारी.’

बरोबर आहे. मी सगळा वेळ एकाच जागी उभा होतो.