पाँपेया येथील कलाकेंद्र : एक विचार

जुन्या कारखान्याचे कलाकेंद्र करताना राखावयाच्या त्या भिंती, की त्यांच्या आश्रयाने रुजलेला लोकव्यवहार? ब्राझीलमधील साओ पावलो येथील सेस्क पाँपेया ही वास्तू या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पिंपांच्या या जुन्या कारखान्याचे काम वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी १९७७ मध्ये हाती घेतले, तेव्हा त्याच्या आवारात सुटीच्या दिवशी कुटुंबे आधीच जमत होती. हा व्यवहार मोडू द्यावयाचा नाही, हेच त्यांच्या आराखड्याचे अधिष्ठान होय. गिलावा काढून विटा उघड्या करणे, काँक्रीटचा जुना सांगाडा कायम राखणे, प्रशस्त दालनात शेकोटी व वळणदार जलाशय योजणे, या गोष्टी त्यामागून आल्या. (अशा रूपांतरांत पुष्कळदा विटा तेवढ्या राहतात आणि माणसे जातात!)

१९८२ मध्ये खुल्या झालेल्या या केंद्राचे नाट्यगृह मात्र खटकते. तेथील गादीविरहित लाकडी आसनांचे समर्थन बार्दीबाईंनी प्राचीन रंगस्थळांच्या दगडी आसनांचा दाखला देऊन केले. परंतु सेस्क ही संस्था मुळात व्यापारक्षेत्रातील नोकरवर्गासाठी स्थापन झालेली. दिवसभर दुकानात उभे राहून आलेल्या प्रेक्षकाला हा दाखला कितपत पटावा? आवारातील मुलांचा खेळ ज्या दृष्टीने हेरला, ती येथे सिद्धान्तापुढे नमली आहे.